हिवाळ्यात कालव्यावर गळ टाकायचा तर

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली की इंग्लंडातली मराठी घरं दारं लावून घेतात. दिवाळीचा फराळ होतो, मंडळाचा एखादा कार्यक्रम होतो आणि मग थेट गुढीपाडव्यापर्यंत हीटर, टीव्ही आणि हवामानाबद्दलची तक्रार. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो हे खरं. पण नऊ ते तीन उजेड असतो, आणि शनिवारचे ते सहा तास आपण सुपरमार्केटच्या रांगेत घालवतो. त्यातले निदान तीन तास कालव्याच्या काठावर, हातात गळ घेऊन काढा, एवढंच माझं सांगणं आहे.

कालवा शोधत फार लांब जावं लागणार नाही. कोळसा स्वस्तात मँचेस्टरला पोहोचावा म्हणून १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला, आणि पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत या देशाने जिथे कारखाना तिथे कालवा नेला. कारखाने गेले, कालवे राहिले. आज इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैल कालवे आणि नद्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. २०१२ पर्यंत हे काम सरकारी महामंडळाकडे होतं. स्लाव, साउथॉल, अल्पर्टन, मिल्टन कीन्स, बर्मिंगहॅम, लीड्स, मँचेस्टर, रेडिंग, म्हणजे जिथे जिथे आपली माणसं राहतात तिथे बहुतेक ठिकाणी कालवा आहेच. स्लावकरांना तर मी विशेष सांगेन. ग्रँड युनियन कालव्याची पाच मैलांची स्लाव शाखा १८८२ मध्ये मुख्यतः विटांच्या वाहतुकीसाठी खणली. तिच्यावर एकही लॉक (बोटी वर-खाली नेणारी पाण्याची दारं) नाही, बोटी कमी आणि पाणी स्वच्छ. इतका निवांत कालवा लंडनच्या एवढ्या जवळ दुसरा सांगता येणार नाही.

सामन आणि ट्राउट वगळून गोड्या पाण्यातल्या बाकी माशांना गळ टाकण्याला इथे कोर्स फिशिंग म्हणतात. सामन-ट्राउट हा जमीनदारांचा खेळ होता. कालव्यावरचा रोच आणि पर्च हा बर्मिंगहॅम, शेफील्ड, मँचेस्टरच्या कामगारांचा. आठवडाभर भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस रविवारी कालव्यावर येऊन बसायचा. अजूनही काठावर भेटणारी म्हातारी मंडळी त्याच घरांतली असतात, आणि शेजारी बसलं की फारशी ओळख नसतानाही भरभरून शिकवतात.

आता मालवण-रत्नागिरीकडच्या मंडळींच्या मनातला प्रश्न. मासे घरी आणायचे का? नाही. कालव्यातला मासा मालकाच्या परवानगीशिवाय नेता येत नाही, आणि जवळजवळ सगळ्याच कालव्यांवर पकडलेला मासा जिवंत परत सोडायचा हाच नियम आहे. ज्याने लहानपणी खाडीवर गरी टाकली आणि संध्याकाळी त्याचंच कालवण जेवला, त्याला हा प्रकार पहिल्यांदा वेडेपणाच वाटतो. वाटू दे. बांगडा दुकानात मिळतो. कालव्यातला रोच काट्यांनी भरलेला, चिखलाच्या चवीचा. तुम्ही खाल्लात तर माझ्या नावाने शंखच कराल.

उलटा प्रश्नही येतो, तो शाकाहारी घरांतून. खायचा नाही तर त्या जिवाला गळ टोचायचा कशाला? हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू असतात हे २००३ मध्ये इथल्याच संशोधकांनी दाखवलं, आणि माशाला नेमकं काय जाणवतं यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी करू नये. जे करतील त्यांनी उलटा काटा नसलेलाच गळ वापरावा आणि मासा अर्ध्या मिनिटात पाण्यात परत जाईल असं बघावं.

आता हिवाळाच का, ते सांगतो. इंग्लंडातल्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून कोर्स फिशिंग बंद असतं. बहुतेक कालव्यांवर ही बंदी नाही, त्यामुळे ते वर्षभर खुले. (काही संरक्षित कालव्यांवर बंदी आहे, आणि जिथे कालवा नदीला मिळतो तिथेही आधी चौकशी करावी.) हिवाळ्यात पावसाने नद्या फुगतात, कालव्याची पातळी मात्र फारशी हलत नाही. उन्हाळ्यात बोटींची रांग लागलेली असते. जानेवारीत तासाला एखादी आली तर आली. आणि नवशिक्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उन्हाळ्यात कालवाभर पांगलेले मासे थंडीत मोजक्या जागी गोळा होतात. जागा सापडली की खेळ सोपा. नाही सापडली तर दिवसभर पाण्यावरचं बूच हलत नाही, हेही सांगून ठेवतो.

माशाचं अंग पाण्याइतकंच गार असतं. पाणी चार-पाच अंशांवर आलं की त्याचं सगळं मंदावतं, हालचालही आणि पचनही. तो दिवसातून थोडाच वेळ खातो आणि थोडंच खातो. हिवाळी मासेमारीचे बाकीचे सगळे नियम यातूनच येतात.

पहिला नियम दिवस निवडण्याचा. आकडा किती खाली गेला यापेक्षा तो किती झपाट्याने गेला हे बघा. आठवडाभर एकसारखी थंडी असेल तर मासे तिला रुळतात आणि खातात. काल दहा अंश होते आणि रात्री एकदम बर्फाळ झालं, तर दुसऱ्या दिवशी घरीच थांबा. ढगाळ, दमट, नैर्ऋत्येकडून मंद वारा येणारा कुंद दिवस, म्हणजे ज्याला आपण वैतागून मळभ म्हणतो तो, सगळ्यात चांगला. लख्ख ऊन आणि निरभ्र आकाश फोटोला छान. माशांना मात्र स्वच्छ पाण्यात ते उघडं पाडतं. बर्फ वितळून पाणी कालव्यात उतरतंय तेव्हा तर जाऊच नका. आणि कालवा गोठला असेल तर बर्फ फोडत बसू नका, त्यावर पाय तर चुकूनही ठेवू नका.

दुसरा नियम जागेचा. कालव्याचा तळ सपाट नसतो. काठाजवळ उथळ पायरी, मग उतार, मधोमध बोटींनी खरवडलेला सव्वा-दीड मीटर खोल पट्टा, आणि पलीकडे पुन्हा उथळ. उन्हाळ्यात मासे पलीकडच्या झुडपांखाली असतात. थंडीत ते मधल्या पट्ट्यात, किंवा अलीकडचा उतार जिथे संपतो तिथे येतात. पुलाखालची सावली, गोदीसारखा रुंद भाग, नांगरून ठेवलेल्या रिकाम्या बोटींच्या कडा, या जागा आधी बघा. बोटीत कुणी राहत असेल तर अर्थातच थोडं लांब बसा. गळाला एक जड वजन लावून तळ मोजून घ्या. हे पाच मिनिटांचं काम नवशिके टाळतात आणि मग आमिष तळापासून वीतभर वर लोंबकळत राहतं; थंडीतला मासा तेवढं वर यायचे कष्ट घेत नाही.

सामानाबद्दल थोडक्यात. दुकानात गेलात तर हजार पौंडांच्या वरचे कार्बनचे लांबलचक पोल दाखवतील. बघा, हात लावा, परत ठेवा. चार-पाच मीटरची, रीळ नसलेली साधी काठी घ्या. तिला इथे व्हिप म्हणतात. अलीकडचा उतार आणि मधल्या पट्ट्याची अलीकडची कड तेवढ्यात येते. खर्च वाचवायचाच तर काठीवर वाचवा, तंगूस आणि गळ यांवर नको. हिवाळ्याच्या नितळ पाण्यात मासा जाड तंगूस बघून फिरतो, म्हणून गळाजवळचा तुकडा ०.०८ ते ०.१० मिलिमीटरचा असावा. गळ वीस किंवा बावीस नंबरचा. नंबर वाढतो तसा गळ लहान होत जातो, हे दुकानात लक्षात ठेवा. बूच इतकं बारीक, आणि त्याला शिसाच्या कणांनी इतकं अचूक तोललेलं, की पाण्यावर फक्त त्याच्या शेंड्याचा ठिपका दिसावा. हंसांच्या पोटात शिसं जाऊन ते मरू लागले म्हणून १९८७ पासून मोठ्या शिसाच्या गोळ्यांवर इथे बंदी आहे. कालव्याला लागणारे अगदी बारीक कण तेवढे चालतात, त्याहून मोठं वजन दुसऱ्या धातूचं घ्यायचं.

आमिषावर मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण हिवाळ्यात बाजी इथेच जिंकतात किंवा हरतात. स्पर्धावाले ब्लडवर्म आणि जोकर वापरतात. या डासांसारख्या माश्यांच्या लालभडक अळ्या. उत्तम, पण महाग आणि टिकवायला कटकटीच्या. सर्रास वापरतात त्या मॅगट, म्हणजे पांढऱ्या अळ्या आणि त्यांच्यातला बारीक प्रकार पिंकी. त्या गारठ्यात ठेवाव्या लागतात, नाहीतर कोष धरतात. गारठा म्हणजे फ्रिज. "अहो, दह्याशेजारी हा डबा कसला?" हा प्रश्न ज्या घरात विचारला गेला तिथे पुढचा हिवाळा शांततेत गेल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हणून माझा सल्ला पावाचा. साधा, स्वस्त, पांढरा स्लाइस ब्रेड.

कडा काढा आणि स्लाइस आपल्या मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा, सलग फिरवलात तर लगदा होईल. पिठाच्या चाळणीने चाळा. हाताला ओलसर रव्यासारखा लागला पाहिजे. हे झालं पाण्यात टाकायचं. गळाला लावायचा पाव वेगळा. एक स्लाइस लाटण्याने हलकेच दाबून घ्या आणि ब्रेड पंच नावाच्या पितळी नळीने त्याच्या चार-पाच मिलिमीटरच्या टिकल्या पाडा. टिकलीत गळ एका बाजूने घालून टोक दुसरीकडून जेमतेम बाहेर काढायचं. पाण्यात ती फुगते आणि तळाशी अलगद बसते.

काठावर पोहोचलात की चाळलेल्या पावाचा आवळ्याएवढा एकच गोळा हलक्या हाताने वळा आणि बुचाच्या जागी सोडा. तो पडता पडता फुटतो, पाण्यात पांढरा ढग होतो, मासे वासाने येतात आणि खायला फारसं काहीच नसतं. हेच हवंय. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करून वाढतात, तो संस्कार इथे घरी ठेवून या. मूठ-मूठ टाकलंत तर दोन रोच पोटभर जेवतील आणि तुमच्या टिकलीकडे ढुंकून बघणार नाहीत. अर्धा तास काहीच झालं नाही तर आणखी टाकू नका. उठा आणि वीस पावलं पुढे जा. मासे लागत होते आणि थांबले, तरच पुन्हा चिमूटभर. तीन तासांत अर्धा स्लाइससुद्धा संपायला नको.

पर्च हवा असेल तर पाव कामाचा नाही. पर्च शिकारी, त्याला गांडुळाचा तुकडा लागतो. अंगावर काळे पट्टे, पर तांबडे आणि पाठीवर काट्यांचा पंखा. तो पंखा मागच्या बाजूला दाबत हात फिरवला नाही तर तळहातात घुसतो. मुलांना मात्र हाच मासा आवडतो.

हिवाळ्यातला चावा उन्हाळ्यासारखा नसतो. बूच गडप होत नाही. शेंड्याचा ठिपका नुसता थरथरतो, दोन मिलिमीटर खाली जातो किंवा उलट किंचित वर येतो. तेवढ्यावर काठी उचलायची, झटका न देता, मनगटाने. रोच असेल तर तो चांदीच्या अंगाचा, लाल डोळ्याचा, आणि थंडीत तोही आळसावलेला. हात आधी कालव्याच्या पाण्यात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो आजारी पडतो. गारठलेल्या हवेत त्याला धरून फोटोसाठी उभं राहू नका.

कपडे. सुती काही नको, जीन्स तर नकोच. ओलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं. आत थर्मल, वर लोकर किंवा फ्लीस, त्यावर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट. थंडी पायांतून चढते, कारण तुम्ही बसून असता. एक नंबर मोठे बूट घ्या म्हणजे दोन मोजे घालून बोटं हलतात. घट्ट बुटात कितीही मोजे घातलेत तरी उपयोग शून्य. हातमोजे बोटं उघडी असलेले. थर्मासमध्ये आल्याचा चहा, डब्यात दशमी आणि चटणी. सँडविच गारठतं, दशमी गारही चांगली लागते. एक खुलासा: हिवाळ्यातल्या उन्हात बसून ड जीवनसत्त्व मिळेल असा भ्रम ठेवू नका. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत इथल्या उन्हात ते बनत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर त्याची गोळी बारा महिने घ्यायला सांगतात. ती चालू ठेवा.

धोके तीन, आणि तिन्ही खरे. पहिला विजेच्या तारांचा. कार्बनच्या काठीतून वीज वाहते आणि त्याने माणसं मेली आहेत. डोक्यावर तारा असतील तिथून निदान तीस मीटर लांब बसा. कुणी कितीही सांगितलं की तिथेच मासे आहेत, तरी. दुसरा पाण्याचा. गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि बुडतात ते बहुधा तेव्हाच. पडलात तर पोहण्याची धडपड न करता पाठीवर तरंगत राहा, श्वास ताळ्यावर आला की मग पाय टेकतात का बघा. अरुंद कालव्यांत बहुतेक ठिकाणी टेकतात. लॉकमध्ये टेकत नाहीत आणि त्याच्या भिंती उभ्या असतात, म्हणून लॉकच्या कडेला मुलांना फिरकू देऊ नका. लहान मुलांना पाण्यावर तरंगवणारं लाइफ जॅकेट घालाच.

तिसऱ्या धोक्याची आपल्याला जुनी ओळख आहे. इथे त्याला वाइल्स डिसीज म्हणतात. हा आपला लेप्टो. सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्यांना तो माहीत आहे, २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो पाहिला. उंदरांच्या लघवीतून जंतू पाण्यात येतात आणि कापलेल्या कातडीतून किंवा तोंडावाटे अंगात जातात. थंडीत भीती कमी, पण शून्य नाही. खरचटलेलं असेल तिथे पाण्यात न निघणारी पट्टी लावा, आणि डबा उघडण्याआधी हात साबणाने किंवा निदान घरून नेलेल्या पाण्याने धुवा. इथले काही जुने लोक मॅगट ऊबदार राहाव्यात म्हणून ओठाखाली धरत असत! त्यांचं कौतुक लांबूनच करा. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत फ्लूसारखा ताप आला तर जीपीला आपण कालव्यावर होतो हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

काठावरचा रस्ता आपल्या एकट्याचा नाही. सायकलवाले येतात, कुत्रे येतात, बाबागाड्या येतात. काठी रस्त्यावर आडवी टाकून ठेवू नका. बोट दिसली की गळ वर घ्या आणि हात करा, समोरचाही करतो. बोट गेल्यावर पाणी ढवळून थोडं गढूळ होतं आणि नेमके तेव्हाच एक-दोन मासे लागतात, तेव्हा वैतागण्याचं कारण नाही. तुटलेलं तंगूस खिशात घालून घरी आणा, पाणकोंबड्यांच्या पायात ते अडकतं.

शेवटी कागदपत्रं, कारण आपली माणसं याच कारणाने अडखळतात. दोन वेगवेगळ्या परवानग्या लागतात. एक सरकारी रॉड लायसन्स, वय तेरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाला. तेरा ते सोळा वयाच्या मुलांना ते फुकट आहे, पण काढावंच लागतं. ते एका दिवसाचं, आठ दिवसांचं किंवा वर्षाचं मिळतं आणि नसेल तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. ते सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट जास्त पैसे घेतात. दुसरी परवानगी त्या पाण्याची. कालव्याचे तुकडे स्थानिक क्लबांनी भाड्याने घेतलेले असतात आणि क्लबचं नाव काठावरच्या पाटीवर असतं. काही ठिकाणी दिवसाचं तिकीट काठावरच पैसे देऊन मिळतं, काही ठिकाणी आधी काढावं लागतं. जवळच्या गळसामानाच्या दुकानात विचारलंत तर तिकिटाबरोबर कुठल्या पुलाजवळ मासे लागताहेत हेही कळतं. क्लबचा राखणदार, म्हणजे बेलिफ, कागद मागायला आला तर दचकू नका. आपलं वर्षाचं सभासदत्व खपवायला तो उत्सुकच असतो.

आणखी एक. नोव्हेंबर ते मार्च हा ट्रस्टचा दुरुस्तीचा हंगाम. लॉकची दारं बदलायची म्हणून काही भागांतलं पाणी काढून टाकतात. निघण्याच्या आदल्या रात्री त्यांच्या संकेतस्थळावरची बंद भागांची यादी बघा, नाहीतर सगळा जामानिमा घेऊन चिखलापुढे उभे राहाल. यादीत आपला भाग नसेल, आणि रात्र फार गोठवणारी गेली नसेल, तर साडेनऊपर्यंत पुलाजवळ पोहोचा. पाव आदल्या रात्रीच चाळून ठेवा. शनिवारी सकाळी मिक्सर लावलात तर घरातले सगळे उठतील.